ओलीवर आलेली भाकरी

मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेर सुरू होते तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो. पुढचे चार महिने आभाळातून फारसं काही येणार नाही हे पेरणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. विहिरीचा भरवसा नसतो, कालवा लांब असतो, तरी तो पाभर जुंपतो. आणि फेब्रुवारीत त्याच रानात माणसाच्या डोक्यावरून जाणारी ताटं उभी असतात, शेंड्याला टपोऱ्या पांढऱ्या दाण्यांची कणसं घेऊन. मंगळवेढा माझं आजोळ. लहानपणी यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही. पुण्यात संसार थाटून बरीच वर्षं झाल्यावर, आपण रोज जे खातो त्याचं या पृथ्वीवर किती ओझं पडतं हा प्रश्न छळायला लागला, तेव्हा कुठे या पिकाचं मोल मला कळायला लागलं.

शाळू येतो तो ओलीवर. जून ते सप्टेंबर रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालून तण मोडत राहायचं आणि पडेल तो पाऊस मातीत मुरू द्यायचा. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. पण इथली खोल काळी माती ओल धरून ठेवते. उत्तरा-हस्ताच्या पावसावर बी पडतं, उगवतं, आणि वरची माती वाळत जाईल तशी मुळं खाली उतरत जातात. माती वाळली की भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. म्हणून कोळपं चालवून भेगा बुजवायच्या. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं जुनी माणसं म्हणतात. मग थंडी पडते, पहाटे पानांवर दव साचतं, आणि पोटरी फुटून कणसं बाहेर पडतात. नळाचं, मोटारीचं, धरणाचं पाणी न पिता तयार झालेलं हे धान्य आहे. माझ्या ताटातल्या दुसऱ्या कुठल्या पदार्थाबद्दल मला इतक्या खात्रीने असं म्हणता येत नाही.

यातलं सगळ्यांत नावाजलेलं वाण म्हणजे मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात निवड पद्धतीने काढलेलं ‘एम ३५-१’ हे वाण आजही शेतकरी पेरतात आणि गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती अशी चांगली वाणं दिली, परभणीने परभणी मोती दिलं. तरी बाजारात चांगल्या ज्वारीला अजून मालदांडीच म्हणतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि या गावाची जी कथा महाराष्ट्रभर पोचली आहे तीही धान्याचीच. दुष्काळात बादशहाच्या परवानगीवाचून दामाजीपंतांनी सरकारी कोठारं उघडली, भुकेल्यांना धान्य वाटलं, आणि त्याची किंमत भरायला विठ्ठल स्वतः बिदरला गेला, असं भाविक सांगतात. भुकेची, धान्याची आणि सत्तेची गोष्ट या मातीला नवी नाही.

तर प्रश्न रोजच्या जेवणाचा. पर्यावरणाचा विचार करून खायचं म्हणजे काय खायचं? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर एकच होतं, की जवळ पिकलेलं खा. हे उत्तर ऐकायला बरं वाटतं आणि त्यात तथ्यही आहे. हंगामाबाहेर विमानाने आलेली फळं टाळावीत यात वाद नाही. पण नुसतं अंतर मोजून भागत नाही. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात जगभरातल्या सुमारे ३८ हजार शेतांच्या माहितीवर आधारलेला मोठा अभ्यास मांडला. अन्नामुळे होणाऱ्या एकूण प्रदूषणात वाहतुकीचा वाटा थोडा असतो, मोठा भाग शेतातच ठरतो, हे त्यातून दिसलं. शिवाय एकच पदार्थ कोणी, कुठे, कसा पिकवला यावर त्याच्या ओझ्यात पन्नास पटीपर्यंत फरक पडू शकतो. म्हणजे ‘गहू चांगला की तांदूळ’ हा प्रश्न अपुरा आहे. कुठल्या मातीतला, कुणाच्या पाण्यावरचा, हे विचारावं लागतं.

आमच्या भागात तर ‘जवळचं’ या शब्दावर विसंबताच येत नाही. कारण माझ्या आजोळच्या घराला सगळ्यांत जवळ तयार होणारी खाण्याची वस्तू आहे साखर.

सोलापूर जिल्ह्यात राज्यातले सर्वांत जास्त साखर कारखाने आहेत. भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. ज्या जिल्ह्याने पिढ्यान् पिढ्या दुष्काळ सोसला त्याच्या दारात पाणी आलं. ते आलं हे फार मोठं काम झालं, त्याबद्दल कुणी नाक मुरडू नये. पण त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. महाराष्ट्रात एकूण पिकांखालच्या जमिनीपैकी जेमतेम चार टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाचं सुमारे सत्तर टक्के पाणी तो पितो. हा आकडा कुणा चळवळ्याचा नाही, केंद्र सरकारच्या कृषी मूल्य आयोगाच्या अहवालातला आहे. त्याच हिशोबाने महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जातं. चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो साखर लागत असेल तर आठ हजार लिटर झाले. उन्हाळ्यात आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवर जो टँकर येतो त्यात साधारण दहा-बारा हजार लिटर पाणी असतं. बायका ज्याची सकाळपासून वाट बघतात त्या टँकरातला बराचसा भाग आपल्या एका घराच्या साखरेच्या डब्यात असतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. अडीचशे किलो साखरेचं पाणी.

हा भागाकार केला त्या दिवसापासून चहात साखर घालताना माझा हात आखडतो.

गूळ घ्यावा, असं यावर पटकन सुचवलं जातं. गुळाचे इतर गुण असतील, पण तो त्याच उसाचा आहे, पाण्याच्या हिशोबात काही फरक पडत नाही. गोड कमी खाणं एवढाच मार्ग मला दिसला. आणि साखरेचा मोठा वाटा आपल्या डब्यातून जातच नाही. तो बिस्किटं, शीतपेयं, मिठाया यांतून पोटात जातो. तिथे हात आखडायला हवा.

पण पाण्याचा हा हिशोब आजोळी जाऊन सांगायचा म्हटलं की तोंड उघडत नाही. माझा मामेभाऊ बागायत आणि कोरडवाहू दोन्ही करतो. त्याने मला एकदा बांधावर बसून हिशोब घातला. “ताई, तुमी म्हनता ती खरं हाय. पर ऊस लावला की गिऱ्हाईक ठरल्यालं असतंय. शाळूचं कोन सांगावं?” २०२४-२५च्या हंगामासाठी उसाचा रास्त दर टनाला ३,४०० रुपये होता आणि चांगल्या रानात एकरी चाळीस टन निघतो. तोडणी, वाहतूक, खतं सगळं वजा करा. मालदांडीचा हमीभाव त्याच वर्षी क्विंटलला ३,४२१ रुपये. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल आले तरी शेतकरी देव पावला म्हणतो. हमीभाव जाहीर होतो, पण शाळू घ्यायला सरकारी काटा दारात उभा नसतो. कारखान्याची टोळी मात्र रानात येते, ऊस तोडून, भरून घेऊन जाते, आणि पैसे उशिरा का होईना खात्यात येतात. ज्याच्या रानाला पाणी आहे त्याने ऊस लावणं यात लोभ नाही, साधा व्यवहार आहे. आपण शहरातल्या लोकांनी त्याला पाण्याचे धडे द्यावेत हे मला पटत नाही. आपण काय विकत घेतो हे बदललं, सरकार काय विकत घेतं हे बदललं, तर त्याचा व्यवहार बदलेल.

शाळू मागे हटला तसं त्याच्या सोबतीने येणारं बरंच काही गेलं. शाळूच्या रानात ठरावीक ओळींनी करडई असायची, बांधाच्या कडेनेही असायची. करडईला काटे, म्हणून मोकाट गुरं आत शिरत नसत. कुंपणाचं काम व्हायचं आणि घरचं तेलही व्हायचं. गावच्या घाण्यावर बी नेऊन वर्षाचं तेल काढून आणलं जाई. करडई जमिनीत शाळूपेक्षाही खोल मूळ घालते, तिलाही वरचं पाणी लागत नाही. आज माझ्या आजोळच्या गावात दुकानात पिशवीतलं तेल मिळतं, आणि त्यातलं सगळ्यांत स्वस्त असतं ते पामतेल. भारत आपल्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो, त्यात सर्वांत मोठा वाटा इंडोनेशिया आणि मलेशियातून येणाऱ्या पामतेलाचा. त्या लागवडीसाठी तिथली वर्षावनं तुटली, दलदलीच्या जमिनी वाळवून जाळल्या गेल्या. करडईला काटा टोचतो म्हणून मजूर मिळत नाही, भाव मिळत नाही म्हणून शेतकरी पेरत नाही, आणि समुद्रापलीकडचं जंगल तुटून आमच्या भज्यांत येतं. ही साखळी मला जेव्हा पहिल्यांदा दिसली तेव्हा बराच वेळ अस्वस्थ होते.

हुलगे, मटकी, तूर यांचंही तेच. ही द्विदल पिकं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतलं नत्र जमिनीत आणतात. पुढच्या पिकाला त्यामुळे युरिया कमी लागतो. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, तुरीच्या दाण्याची आमटी हे आमच्याकडचं गरिबाचं जेवण. गरिबाचं म्हणून पाहुण्यासमोर ठेवायला लोक लाजत. जमिनीला इतकं देऊन जाणारं दुसरं जेवण नाही.

आणि कडबा. शाळूचा कडबा हा गुरांचा उन्हाळा. दाणा माणसाला, ताट जनावराला, शेण परत रानाला. सोलापूर, सांगोला, मंगळवेढ्याच्या बाजूचे पशुपालक कडब्याच्या भावावरून वर्ष कसं जाणार हे ओळखतात. बुटक्या संकरित ज्वारीला हा कडबा नाही. १९६०च्या दशकात संकरित वाणं आली, खरिपात भरपूर पिकली, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडे. माझी आजी ‘हायब्रीड’ हा शब्द असा उच्चारायची की पुढे काही विचारायची सोय नसे.

आजीने १९७२चा दुष्काळ अंगावर काढला होता. दुष्काळी कामावर खडी फोडली होती, तिथे मिळणारी सुकडी पदरात बांधून पोरांसाठी आणली होती. रेशनवर तेव्हा परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळे. ज्या बाईने आयुष्यभर पेवातली पांढरी ज्वारी खाल्ली तिला त्या मिलोच्या भाकरीचा घास गिळवत नसे, पण भुकेपुढे इलाज नव्हता. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. आत कडबा-गवत लावून वरून मातीने बंद केलेलं. दोन-दोन वर्षं ज्वारी त्यात राहत असे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा कोंडलेली असते, आधी दिवा सोडून बघायचा, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत असे. एखाद्या गावाने पुढच्या दुष्काळाची केलेली ती तजवीज होती. धरण नव्हतं, रेशन नव्हतं, तेव्हा जमिनीखाली पुरलेल्या ज्वारीवर माणसं जगली.

मग गहू आला. आमच्या घरात चपाती ही सणाची, पाहुण्याची वस्तू होती, भाकरी रोजची. मुलगी शिकली, नोकरीला लागली, शहरात गेली की तिच्या डब्यात चपाती आली. रेशनवरही गहू-तांदूळच. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद होती, २०२३पासून हे धान्य मोफत झालं. कायद्यात भरड धान्य आहे, पण पोत्यात बहुतेक वेळा गहू-तांदूळच असतो. त्यातला बराच पंजाब-हरियाणाचा. पंजाबात भाताने जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं, की २००९ साली कायदा करून लावणी जूनपर्यंत पुढे ढकलावी लागली. लावणी पुढे गेली, काढणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीआधी रान मोकळं करायला हातात थोडेच दिवस उरले, आणि शेतकरी भाताचा पेंढा पेटवू लागले. दिल्लीवर दर थंडीत जो धूर उतरतो त्याला हेही एक कारण आहे. ज्वारीच्या पट्ट्यातल्या माणसाला तो तांदूळ फुकट मिळतो आणि त्याच्या रानातला शाळू कुणी विचारत नाही.

तांदळाशी माझं वैर नाही. कोकणात दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे खाचरात भातच यावा. सावंतवाडीच्या माझ्या मैत्रिणीने रोज उकडा तांदूळ खावा, पेज प्यावी, माझ्यासारखी भाकरीच्या मागे लागू नये. नंदुरबारच्या डोंगरात, अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात भगर, नाचणी, वालाच्या शेंगा यांचं वेगळंच जग आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावठी बियाणी घरात जपली, वाढवली, वाटली, आणि २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या पावसात आणि मातीत जे आपसूक येतं ते तिथल्या ताटात मुख्य असावं, एवढंच माझं म्हणणं आहे. पुण्यासारख्या शहराला पूर्वेकडून शाळू-बाजरी आणि पश्चिमेकडून मावळातला इंद्रायणी तांदूळ, दोन्ही मिळतं. आम्ही दोन्ही खातो.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे आणि पर्यावरणावर बोलणारे बहुतेक लोक तिथे पोचतच नाहीत.

भाकरी करणं कष्टाचं आहे. गव्हाच्या कणकेला चिकटपणा असतो, ती ओढली तरी तुटत नाही. ज्वारीत तो नाही. पीठ ताजं लागतं. दळून दोन-तीन आठवडे झाले की पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. मग उकळतं पाणी घालून पीठ भिजवायचं, परातीत तळहाताने रगडून रगडून मळायचं, एका भाकरीपुरतंच. थापायची, उचलून तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची, मग थेट आचेवर फुगवायची. प्रत्येक भाकरी स्वतंत्र मळायची आणि गरम असतानाच वाढायची. पोळ्या सकाळी लाटून डब्यात भरता येतात, दुपारी मऊ राहतात. भाकरी तशी राहत नाही. ज्या बाईला साडेआठची लोकल पकडायची आहे तिला ‘ज्वारी खा, पाणी वाचवा’ असं सांगणं म्हणजे धरणाचा हिशोब तिच्या मनगटावर टाकणं आहे. गावातून शहरात आलेल्या बायकांनी भाकरी सोडली ती प्रतिष्ठेसाठी सोडली असं म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. हातांना विश्रांती हवी होती.

म्हणून आमच्या घरी हे काम वाटून घेतलं. माझ्या नवऱ्याने भाकरी शिकून घेतली. पहिले काही महिने देशांचे नकाशे थापले, नंतर हात बसला. आता संध्याकाळची भाकरी त्याची. मुलगी पीठ रगडते. ज्या घरांत हे जमत नाही तिथे पोळी-भाकरी केंद्रं आहेत. पुण्यात जवळपास प्रत्येक पेठेत, उपनगरात बायका ती चालवतात, आणि गरम भाकरी मिळते. सोलापूरची कडक भाकरी हाही फार सुंदर उपाय आहे. पातळ थापून, भाजून, वाळवून पापडासारखी केलेली ही भाकरी महिनेन् महिने टिकते. आमटीत, दुधात, दह्यात चुरून खायची, नाहीतर शेंगाचटणी आणि तेलाबरोबर. तिच्यावर सोलापुरातल्या कितीतरी बचत गटांतल्या बायकांचे संसार चालतात. हे पैसे देताना मी घासाघीस करत नाही. त्या भाकरीत कुणाचे तरी हात आहेत आणि त्या हातांना त्यांचा मोबदला मिळाला तरच ही गोष्ट टिकेल.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. त्यामुळे ज्वारी-बाजरी-नाचणीबद्दल लोक बोलायला लागले, हॉटेलांत भाकरी आली, त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण दुकानाच्या फळ्यांवर जे आलं त्याची पाकिटं उलटून वाचावीत. नाचणीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बिस्किटांत पहिला घटक मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी त्यानंतर कुठेतरी. ज्वारीच्या पोह्यांच्या पाकिटाची किंमत बघितली तर आमच्या मामेभावाला क्विंटलला काय मिळतं याच्याशी तिचा मेळ लागत नाही. ज्वारी ही औषध म्हणून, वजन उतरवायला म्हणून काही दिवस खायची वस्तू झाली तर शेतकऱ्याला तिचा उपयोग नाही. फॅशन ओसरली की त्याचं पोतं पडून राहील. तिला रोजच्या भुकेचं धान्य म्हणून ताटात जागा हवी.

आम्ही करतो ते फार मोठं नाही. आमच्या सोसायटीतली काही घरं मिळून मंगळवेढ्याहून थेट ज्वारी मागवतो. चैत्रात नवी ज्वारी येते, गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात वाळवतो, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यांत भरतो. सोंडे लागू नयेत म्हणून सगळे जण आपापल्या आजीचे उपाय सांगतात. दळण आठवड्यापुरतंच. पुण्यात ज्वारी वेगळी दळून देणारी गिरणी शोधावी लागते, कारण आधी गहू दळलेला असला तर पिठात तो येतो आणि भाकरी नीट होत नाही. गिरणीवाल्या काकांनी आमच्यासाठी आता गुरुवार ठरवून दिला आहे. तेल करडईचं किंवा शेंगदाण्याचं, घाण्यावरचं. महाग पडतं, म्हणून तळण कमी झालं, तेही बरंच झालं. उरलेल्या भाकरीचा दुसऱ्या दिवशी काला होतो, कुस्करून फोडणीला टाकली तर पोरं आवडीने खातात. घरात शिजलेलं काही फेकलं जात नाही. कचऱ्याच्या डोंगरात कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो, हवा तापते, हे सगळं मुलीने शाळेत वाचलं आहे. पण अन्न टाकायचं नाही हे तिला तिच्या पणजीकडूनच कळलं होतं.

सरकारने काय करावं हे मात्र मी सोडणार नाही. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांत रेशनवर, शाळेच्या पोषण आहारात, वसतिगृहांत, आश्रमशाळांत त्याच जिल्ह्यातला शाळू हमीभावाने विकत घेऊन द्यावा. पोरांना भाकरी थापून द्यायला बचत गट आहेत, त्यांना रोजगार मिळेल. एवढी एक खात्रीची मागणी तयार झाली तर कोरडवाहू शेतकऱ्याला उसाच्या पाण्याकडे डोळे लावून बसावं लागणार नाही. दुसरी गरज काढणीची. शाळू अजूनही बऱ्याच ठिकाणी हाताने उपटतात. तळहाताला फोड येतात, अंगाला कूस लागते, खाज सुटते. या कामाला माणसं मिळत नाहीत म्हणून कितीतरी शेतकऱ्यांनी शाळू सोडला. उंच ताट न मोडता, कडबा वाया न घालवता काढणी करणारं, लहान शेतकऱ्याला परवडणारं यंत्र हवं. उसासाठी मोठाली तोडणी यंत्रं आली, मग शाळूसाठी का येऊ नयेत?

गेल्या वर्षी मामेभाऊ पुण्याला आला होता. आमच्या ज्वारीच्या डब्यांकडे बघून खूश झाला, मग जेवताना म्हणाला, “ताई, तुमी चार-सहा क्विंटल घेता, चांगलंच हाय. पर माझं रान तेवढ्यावर न्हाई चालत. पेरायच्या आधी सांगा की, इतकं घेनार म्हनून. निम्मं पैसं आधी द्या. आन् येखाद्या साली हस्त कोरडा गेला, दाना बारीक पडला, तरी घेनार का, ते पन सांगा.”

त्याचं बरोबर आहे. पावसाचा सगळा धोका त्याने एकट्याने घ्यायचा आणि चांगल्या वर्षी टपोरा दाणा तेवढा आपण उचलायचा, हा व्यवहार एकतर्फी आहे. बारीक दाण्याच्या ज्वारीची भाकरी चवीला कमी नसते, फक्त दळायला थोडा कोंडा जास्त निघतो. हे मी सोसायटीतल्या घरांना सांगितलं. काहींनी लगेच आगाऊ पैसे देऊ म्हटलं. काहींना वर्षाचं धान्य एकदम घ्यायला जागा नाही, त्यांच्यासाठी दोन हप्त्यांत गाडी आणता येईल का ते पाहतो आहोत. दोन घरांनी नको म्हटलं, त्यांना गव्हाची सवय आहे, त्यांच्याशी मी पुन्हा बोलणार आहे. आमची मागणी भाऊ पोळ्यापर्यंत कळवा म्हणाला आहे, म्हणजे त्याला किती रानात शाळू पेरायचा ते ठरवता येईल.